मागच्या फाटकाचं कुलूप

हॉलंडच्या उत्तरेकडच्या उइटहॉर्नहून आमच्या दक्षिणेतल्या आइंडहोवनला राहायला आलेली शेजारीण मूळची पुण्याचीच, पण तोरा असा, की जन्म ॲमस्टरडॅमच्या राजवाड्यात झाला असावा.

"काकू, इथले लोक किती गावंढळ! वेळ न ठरवता येतात, तेही मागच्या दाराने."

मी म्हटलं, "अगं बाई, इथे आपली माणसं मागूनच येतात. पुढची बेल फक्त पार्सलवाला वाजवतो."

तर हिने दुसऱ्याच दिवशी मागच्या फाटकाला कुलूप घातलं!

मग तिच्या लेकीचा वाढदिवस आला. नव्या शाळेतला पहिलाच, त्यामुळे पोरगी सकाळपासून फ्रॉक घालून बसलेली. आमंत्रणावर "तीन ते पाच" छापलेलं, दवाखान्याच्या पाटीसारखं. तीन वाजून गेले, कोणी येईना. पोरगी रडकुंडीला आली, आई पुढच्या बेलकडे कान लावून बसलेली. आणि मला माझ्या अंगणातून दिसलं, की पोरं आईबापांसकट मागच्या गल्लीत फाटक ढकलून ढकलून परत निघालीत.

मी कुंपणावरून ओरडले, "अगं, कुलूप काढ!"

"काकू, किल्ली ह्यांच्याकडे, आणि हे फुगे आणायला गेलेत!"

घ्या! ही उत्तरेची शिस्त. मी माझं फाटक उघडलं आणि खुणा करकरून सगळ्यांना माझ्या स्वयंपाकघरात बसवलं. पोरगी पुढच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून धावतच आली. तिच्यामागून केक घेऊन बाईसाहेब आल्या, मागच्या दाराने, बेल न वाजवता.