सावनेरच्या पाठी आणि लाल आकडे

पुणे स्टेशनवर गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर एक पेटी होती आणि शेजारी माझा मित्र, डॉक्टर मधू. पेटीत त्याचं नवंकोरं यंत्र. कमरेला पट्टा बांधून माणूस वाकला, की पाठ किती वाकली ते लाल चमकत्या आकड्यांत दिसायचं. कोळसा खाणीतल्या माणसांच्या पाठदुखीवर मधू संशोधन करत होता. नागपूर फुकटात पाहायला मिळतंय म्हणून मी त्याची हमाली पत्करली होती.

नागपुरात महाल भागातल्या एका टपरीवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. "हे तं फिकं हाय साहेब," पोहेवाला म्हणाला. मी पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि आम्ही सावनेरची बस धरली.

खाणीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं रांगेत उभीच होती. पट्टा बांधायचा मी, आकडा पाहायचा मधू. प्रत्येक जण झपकन वाकायचा.

"दुखतं का?"

"नाही जी."

सगळ्यांचं एकच उत्तर. जन्मभर ओणव्याने कोळसा उपसणाऱ्या या पाठी दुखत कशा नाहीत, याचं मधूला नवल वाटत होतं. सुदाम नावाच्या चाळिशीतल्या माणसाचा पट्टा मी सोडला, तर बोटांना ओल लागली. त्याची बनियन वर केली आणि मी हादरलोच. कण्यालगत भाजल्याचे तीन ताजे व्रण होते, आणि आमच्या पट्ट्याने त्यांवरचे फोड फुटले होते.

"डाग घेतला जी," सुदाम शांतपणे म्हणाला. "तापल्या विळ्याचा. त्यानं कमरेचं दुखनं मरते. काल साऱ्यांनीच घेतला, मशीन येनार म्हनून."

"पण कशासाठी?" मधूचा आवाज चिरकला.

"वाकता नाही आलं तं कामावरून काढतीन, असं समजलं आमाले."

"अहो, यंत्र तुमचं दुखणं शोधायला आणलंय. तुम्हाला काढायला नाही."

"मंग शोधल्यावर काय करसान?"

"आराम सांगेन. महिनाभर तरी."

"मी बदलीवर हाओ जी, कायमचा नाही. चार दिवस घरी बसलो का माह्या जागी दुसरा उभा राहते." त्याने बनियन खाली ओढली. "आकडा तं चांगला आला नं?"

मधूने होकारार्थी मान हलवली. सगळ्यांना मलम लावून निघालो, तेव्हा सुदाम बसपर्यंत आला. "पुढच्या बारीले (खेपेला) जरा आधी सांगजा जी. डाग आधी घेतला का सुकून राहते."

परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत मधू वहीतले आकडे खोडत होता. मग म्हणाला, "ठरलेली दुसरी फेरी करायची नाही. पण खाणीच्या साहेबांना कारण काय सांगू?"

खरं सांगावं, तर सुदामचं काम जाणार. आम्ही दोघे शिकलेले लोक मग एक बरंसं खोटं शोधू लागलो.

"यंत्र बिघडलं म्हणून कळवतो," तो शेवटी म्हणाला. मी हो म्हटलं. संशोधन तिथेच संपलं. सुदामचं दुखणं होतं तसंच राहिलं, वर आमच्या पायी तीन डाग जास्त.