सुलभाकाकूंची चाल काढून घेतली तेव्हा

जळगाव जामोदच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये सुलभाकाकू गवईंच्या आवाजाशिवाय एखादं गीत सुरू झाल्याचं कुणाला आठवत नाही. काकूंची पिठाची गिरणी आहे. मोटारीच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांशी बोलता बोलता आवाज असा तयार झालेला, की रविवारी पाळकांचा माइक बंद पडला तरी चालतं, काकू बंद पडून चालत नाही.

अशा बाईला देवेशनं नाताळच्या गीतात खालच्या आवाजात टाकलं.

देवेश पाळकांचा मुलगा, पुण्यात संगीत शिकून आलेला. सगळ्यांना पाठ असलेलं जुनंच गीत त्यानं चार आवाजांत बसवायला घेतलं. चार गटांच्या चार चाली, आणि गायच्या एकाच वेळी. मूळ चाल मिळाली कॉलेजातल्या पोरींना. काकूंना आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज.

"मले काऊन खाली टाकलं रे?" काकू कडाडल्या. "तुह्या माय-बापाच्या लग्नात मी गायली. या पोरींचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत तरी जाते का?"

"काकू, आल्टो अवघड असतो. तिथं पक्का माणूस लागतो."

"मस्का नको लावू."

आणि ती चाल तरी कशी? अख्खी ओळ एकाच सुरावर, मग जरासं खाली, पुन्हा तिथंच. "हे गाणं हाय का पाढे?" काकूंनी विचारलं. सोडून द्यावं, तर लोक म्हणणार, जमलं नाही. तेही सोसवेना. पण दुसऱ्या ओळीला त्या हटकून मूळ चालीवर जायच्या आणि सगळ्या आल्टोवाल्या मेंढरांसारख्या त्यांच्या मागं.

"काकू, परत वर गेलात."

"माहीच चाल हाय ते. जाईन नाही तं काय!"

शेवटी त्यांनी गिरणीत सराव मांडला. मोटारीचा सूर कुणाच्या बापाच्यानं हलत नाही. त्याला धरून त्या आपला सूर टिकवायच्या. शेजारची अंजुम दळण घेऊन आली की तिला मूळ चाल म्हणायला बसवायच्या. ऐकून ऐकून तिलाही पाठ झालेली. अंजुम मुद्दाम जोरात गायची, काकूंना घसरवायला.

"गई क्या, काकू?"

"नाही गेली!"

त्या महिन्यात निम्म्या गल्लीनं जाड्याभरड्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या.

घरी वेगळाच ताप. "काय वं, चाल चुकून राह्यली तुही," गोपाळकाका रोज सांगायचे. आल्टो एकटा ऐकला की चुकल्यासारखाच वाटतो, हे नवऱ्याला कसं समजवायचं? काकू दात-ओठ खायच्या. एकदा चारही आवाज मिळून कानावर पडू देत, मग बोलावं यांनी.

नाताळला चर्च गच्च भरलं. पहिली ओळ चार आवाजांत अशी उघडली, की काकूंच्याच अंगावर काटा आला. एवढ्यात तिसऱ्या बाकावरून गोपाळकाका उठले. ओळखीचं गीत म्हटल्यावर बसून कोण राहतं? टाळ्या वाजवत त्यांनी मूळ चाल उचलली, पाठोपाठ अख्खं चर्च उभं राहिलं. पोरीही खुशीत त्यांच्यात मिसळल्या. आल्टो कुठं गेला, त्या देवालाच ठाऊक.

"बंद करा!"

गिरणीतला आवाज होता तो. पेटीसुद्धा थांबली.

"अहो, बसा खाली! तुम्हालेच म्हणून राह्यली! दिवाळीपासून घसा फोडला आम्ही, अन् तुम्ही एका ओळीत माती केली?"

"सुलभाताई," पाळक हळूच म्हणाले, "लोक देवाची स्तुतीच करताहेत..."

"मंग घरी जाऊन करा म्हणा!"

पाळकही बसले. देवेशनं घाम पुसून पुन्हा पहिल्यापासून सूर दिला. गोपाळकाका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलू लागले, तेव्हा काकूंनी सुरावरून तसूभर न ढळता नुसते डोळे वटारले.