दुकानाचा फोन खिशात

आमच्या फुलांच्या दुकानाचा एकही कॉल चुकू नये म्हणून स्वस्तातला टेलिफोन बघायला मी अमरावतीहून अकोल्याला गेलो, आणि दुकानाचा एकुलता एक मोबाइल आवाज बंद करून खिशात घेऊन गेलो. भातकुली गावच्या एका लग्नाच्या हारांची ऑर्डर त्याच दिवशी ठरायची होती.

अकोल्याचा टेलिफोनवाला दुकानदार डोळे मिटून ऐकायचा आणि बोटाभोवती वायर गुंडाळत राहायचा. मी आठ लाइनींचं यंत्र मागितलं. "पाहू, तुमच्या इथं फोन किती वेळात उचलतेत," म्हणत त्याने मी दिलेल्या दुकानाच्या कार्डावरचा नंबर लावला. माझा खिसा थरथरला. पाहतो तर भातकुलीचे नऊ मिस्ड कॉल. बसच्या हादऱ्यांत कळलंच नव्हतं.

"दुकानात मानसं किती?"

"मी अन् बायको. पण लग्नसराईत..."

"मंग दोन रिसीवरचा साधा फोन बस झाला."

"पण समजा..."

त्याने डोळे उघडले. "भाऊ, मशीन फोन जोडून देते. समोरच्याचं आयकून तुमालेच घ्या लागते."

साधा फोन मांडीवर घेऊन परतीच्या बसमध्ये मी मूर्तिजापूरपर्यंत भातकुलीला कॉल करत राहिलो. कोणी उचलेना. त्या दुकानदाराचं नाव विचारायचं राहिलंच. विचारलं असतं तरी मी ते पुरतं ऐकलं नसतं.

घरी पोचलो तर बायको म्हणाली, "फोन कोनी उचलेना म्हून भातकुलीवाले दुकानातच आले. मधात बोलाले तुमी नव्हते, तं सारं नीट ठरलं. ऑर्डर घेतली मी."