अण्णांचा मिसळणाचा डबा

ही वही कुणी उघडलीच तर आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालली असं. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या फोटोवाल्या अण्णांसारखा माणूस बंगळुरूच्या अख्ख्या चामराजपेटेत दुसरा नाही, म्हणून लिहायला बसले.

लोक कॅमेऱ्यावर जीव टाकतात, अण्णा त्यातल्या फोटो साठवायच्या कार्डांवर. ती ते स्टीलच्या मिसळणाच्या डब्यात ठेवतात, एकेका वाटीत एकेक जात, आणि भाडं मागायला आलेल्या घरमालकालाही आधी तो डबा उघडून दाखवतात. बिस्किटाएवढं जुनं कार्ड म्हणजे म्हणे थोरला भाऊ, जागा अडवतो पण दगा देत नाही. दुसरं शहाणं, कडेला इवलीशी कडी असते, ती सरकवली की आतलं काही पुसलं जात नाही. आणि मधल्या वाटीतलं नखाएवढं? "अक्का, ह्यात मावतं भरपूर. पण शिंकलं तर उडतं."

माझ्या मुलीच्या लग्नात नेमकं तेच हरवलं. पाठवणीचे सगळे फोटो त्यावर. मी कॅमेरा दिसला की दाराआड जाणारी बाई. लेकीबरोबरचा माझा एकुलता एक फोटो त्यातच होता. अण्णांनी सगळी मजुरी परत आणून दिली, मी नको म्हणेपर्यंत जिना चढूनही गेले, आणि त्यानंतर कॉफीला यायचे बंद झाले. पैसे गॅस-किराण्यात गेले.

मग उन्हाळ्यात लोणच्यासाठी मेथी काढली. वर्षातून एकदाच काढते. तर माझ्याच डब्याच्या मधल्या वाटीत, मेथीत, ते कार्ड. पाठवणीनंतर आमच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना अण्णांनी हाताच्या सवयीनं डबा उघडून मधल्या वाटीत टाकलेलं असणार.

पदराखाली झाकून वर नेलं. अण्णांनी पुसलं, फुंकर घातली, लावलं. पडद्यावर लेक माझ्या गळ्यात पडलेली, आणि मी चक्क कॅमेऱ्याकडे बघत होते. अण्णा म्हणाले, "स्वल्प मेथीचा वास येतोय अक्का, पण फोटो गोड आलाय."

आता मजुरी त्यांची त्यांना द्यायलाच हवी होती. दर शनिवारी थोडे थोडे पैसे नेऊन देत गेले आणि दर वेळी एखाद्या कार्डाची कुंडली ऐकून खाली आले. लेक सासरी पुण्याला. घरी बोलायला दुसरं होतं कोण?

काल शेवटचे तीनशे दिले. अण्णांनी विचारलं, "आता शनिवारी काय सांगून वर येणार?" त्यांनी नोटा न मोजता मधल्या वाटीत टाकल्या, आणि झाकण हातातच धरून म्हणाले, "सरी, ठीक. फिटले सगळे."