साखरेच्या औषधासाठी सोयगाव: एका संशयी बाईचा रविवार

सोयगावला जायचं ठरलं ते आमच्या सोसायटीतल्या शिंदे वहिनींमुळं. सोयगावच्या पुढं एका वस्तीवर म्हातारा मेंढपाळ आहे, तो झाडपाल्याचा रस देतो, आणि त्यांच्या भावाची साखर म्हणे त्यानं आटोक्यात आली. "आणि पैसे घेत नाही हो, एक रुपया नाही!" वहिनी म्हणाल्या. झालं, माझे कान टवकारले. फुकट? आजच्या दिवसांत? आमच्या सिडकोत फुकट फक्त सल्ला मिळतो, आणि तोही ऐकला तर महागात पडतो.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, डॉक्टरची तिसरी तपासणी, मी सगळ्यांना प्रश्न विचारते. पण आमचे हे हट्टाला पेटले. बारा वर्षं साखरेच्या गोळ्या खातायत. पितृपक्षात डॉक्टर म्हणाले, "आता इन्सुलिनचं बघावं लागेल," तेव्हापासून माणसाच्या तोंडाची चवच गेली होती. सुईचं नाव काढलं की पंचावन्न वर्षांचा बाप्या खिडकीबाहेर बघायला लागायचा. मलाही आतून भीती वाटत होतीच. त्यांचे वडील याच साखरेनं गेले.

मग मी अटी घातल्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत. मेंढपाळाचा नियम असा की रविवारी, दुपारच्या आत, उपाशीपोटी यायचं; तर तो नियम आपल्याला लागू नाही. (वाचणाऱ्यांत कुणी साखरवाले असतील तर नीट ऐका: गोळी घेऊन उपाशीपोटी एवढा प्रवास करू नका, चक्कर येऊन पडाल.) आणि तिसरं, मी पर्समध्ये रिकामी बाटली घेतली. माझा भाचा लॅबमध्ये कामाला आहे. घोटभर रस गुपचूप आणायचा आणि त्यात काय कालवलंय ते बघायचं, असा माझा बेत होता.

सकाळी सहाला निघालो. हर्सूल सोडून चौका, फुलंब्री, सिल्लोड असा सरळ रस्ता. बराचसा चांगला आहे, गाडी पळते, पण मधेच एखादा तुकडा असा येतो की हाडं मोजून घ्यावीत. पेट्रोल शहरातच भरलं. मी खाली उतरून मशिनवर शून्य बघितलं, तेव्हा यांनी कपाळाला हात लावला. लावू देत.

सिल्लोडला नाश्ता. इथली मिरची भजी तिखट आणि झकास, पण कढई बघितल्याशिवाय मी खात नाही.

"बाई, तेल आजचंच हाय, सकाळीच डबा फोडलाय," भजीवाला म्हणाला.

"मग कालचं कुठं गेलं?"

तो हसायला लागला. "तुम्ही काय फूड खात्यातून आल्या का?"

भजी मी खाल्ली. यांच्यासाठी घरून ज्वारीची भाकरी आणि मेथी नेली होती. चहा बिनसाखरेचा सांगितला तरी गोडच आला, म्हणून परत करायला लावला. दोघांचं मिळून शंभराच्या आत भागलं.

अजिंठ्याच्या घाटात सीताफळवाल्या बसल्या होत्या. दिवाळीच्या आधीचे दिवस, टोपल्या नुसत्या भरलेल्या. मी टोपली उपसून तळातली फळं वर काढली.

"ताई, सून बघायला आल्यावानी बघताय की वो," बाई म्हणाली.

"सून एकदाच बघायची असते. सीताफळात दर वर्षी फसते मी."

डझनभर घेतली. पुढच्या वळणावर खालची दरी इतकी हिरवीगार दिसत होती की मी गाडी थांबवायला लावली. हे मात्र उतरेनात. "तू बघून ये, मी बसतो." मला लगेच शंका, माझ्यामागं सीताफळ हाणणार! परत येऊन मागच्या सीटवरची फळं मोजली. बाराच्या बारा होती. हे समोर बघत बसले होते. मला वाटलं रुसले.

फर्दापूरहून डावीकडं सोयगावचा फाटा. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मधे केळीच्या बागा. शहरातून निघाल्यापासून तीन तास धरून चाला. सोयगावात विचारलं तर जो तो हात करून वाट दाखवायचा, "भिवाबाबा व्हय? सरळ जावा." इतक्या लोकांना माहीत आहे म्हणजे दलाल नेमलेले असणार, असं मी यांना म्हटलंसुद्धा.

वस्ती म्हणजे चार-पाच घरं, काट्यांच्या कुंपणातली मेंढरं आणि लिंबाखाली बसलेली दहा-बारा माणसं. मी दानपेटी शोधली. नव्हती. नारळाचं दुकान शोधलं, तेही नव्हतं. भिवाबाबा सत्तरीचे, डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्यांची एक रीत होती. रस देण्याआधी ते प्रत्येकाला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायला लावायचे आणि उकिडवं बसून बघायचे.

"हे कशाला हो बाबा?" मी विचारलंच.

"मेंढरू बोलतं का ताई? चालीवरनंच वळखावं लागतं त्याचं दुखणं."

"पण माणूस बोलतो की."

"माणूस बोलतो, पन खरं बोलतो का?"

यांची पाळी आली. बूट काढले, मोजे तसेच. "मोजे बी काढा दादा," बाबा म्हणाले. हे म्हणाले, "राहू द्या, पायाला भेगा आहेत." मलाही यांनी तेच सांगितलं होतं. गेले दोन-तीन आठवडे हे मलम लावून, मोजे घालून झोपत होते, आणि मी, दूधवाल्याचं माप तपासणारी मी, ते खरं धरून चालले होते.

मोजे काढावेच लागले. हे चार पावलं चालले असतील नसतील, बाबा उठले. यांना बाजेवर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि मेंढीचा खूर उचलून बघतात तसा उलटा करून बघितला. करंगळीच्या बुडाशी जखम होती. काठ काळे, आत ओलं. वास माझ्यापर्यंत आला.

"दुखतंय का?" बाबांनी बोटानं दाबून विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

"नाय दुखत, हेच लई वंगाळ हाय." बाबा माझ्याकडं वळले. "ताई, मी ह्यांना रस देनार नाय. मेंढीचा पाय असता तर मी हात घातला असता. मानसाचा नाय. आत्ता निघा आन् दवाखाना गाठा."

माझं डोकं बघा. तेव्हासुद्धा मला वाटलं, हा आता काहीतरी मागणार. मी पर्स उघडली. बाबांनी माझ्याकडं असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्समध्ये वर ती रिकामी बाटलीच होती.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. अजिंठा गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "नवरात्रात नऊ दिवस कर्णपुऱ्याच्या देवळात अनवाणी गेलो. देवीला म्हटलं, सुई नको लावू."

"अनवाणी? मी रोज दारात उभी राहून बघत होते, पायात चप्पल असायची तुमच्या!"

"कोपऱ्यावर काढून पिशवीत टाकायचो. सातव्या दिवशी काहीतरी रुतलं असेल. रात्री फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू चौकशी लावली असतीस," हे म्हणाले. रागानं नाही, अगदी साधं म्हणाले. मला इतका राग आला की स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागलं, आणि फुलंब्री येईपर्यंत त्या रागाची सगळी लाज झाली होती.

रविवार असूनही शहरात एका दवाखान्यात डॉक्टर भेटले. जखम साफ केली, काळं मांस काढलं, सहा दिवस ठेवून घेतलं. बोट वाचलं. इन्सुलिन दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. सुई टोचली तेव्हा हे खिडकीकडं बघत होते, पण हात त्यांनी स्वतःहून पुढं केला.

आता पुष्कळ जण विचारतात, जावं का सोयगावला? घाट बघायला जा, सीताफळं खायला जा, कापसाच्या दिवसांत तर जाच. साखरेच्या औषधासाठी जायचं का, हे मी सांगू शकत नाही, तो रस मी बघितलाच नाही. जाणार असाल तर आपल्या माणसाचे तळवे आधी घरी, उजेडात बघून घ्या. आम्ही तर सव्वाशे किलोमीटर हिंडून परक्याकडून बघून घेतले.

आता रोज संध्याकाळी हे दिवाणावर बसतात आणि पाय माझ्या मांडीवर ठेवतात. मी मोबाइलच्या बॅटरीनं एकेका बोटाची बेचकी बघते. पहिले काही दिवस मी प्रश्नांची सरबत्ती करायचे आणि हे "काही नाही, काही नाही" करत पाय ओढून घ्यायचे. मग मी विचारणं बंद केलं. फार जड गेलं. आठवडाभरानं एका संध्याकाळी हे आपणहून म्हणाले, "तळव्याला वर्षभरापासून काहीच कळत नाही गं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं."

मी बॅटरी बंद केली. तळव्यावर बोट ठेवलं. "हे कळतं?"

"नाही."

"हे?"

"नाही."

टाच झाली, बोटांची बुडं झाली, हात घोट्याच्या वर नेला.

"हां, इथं कळतं," हे म्हणाले.

मग मी तिथंच हात ठेवून बसले.