चार पाट

नातवाच्या नव्या घरात सुतार फणसाच्या फळीला रंधा मारत होता. त्या गोडसर वासानं मी दारातच थांबले. इंग्रजांच्या काळात, खानापुरात आईबरोबर जेवणाचे पाट घ्यायला गेले होते, तेव्हा असाच वास होता.

"किती देऊ आक्का?" तिथल्या सुतारानं आईला विचारलं.

"चार," आई म्हणाली.

मी बोटांवर मोजलं. आप्पा, दोन भाऊ, मी आणि आई. "आई, आपण पाच जण न्हवं?"

"गप गं. मी कुठं पंगतीला बसते? माझं जेवण चुलीपुढंच असतंय."

मग पिवळ्या भुशात एकेक पाट मांडून ती त्यावर मांडी घालून बसली. डगमगतो का म्हणून डावीउजवीकडं झुकली, तळवा फिरवून लाकडाची कूस टोचते का पाहिलं. दहा-बारा पाटांवर बसून तिनं चार निवडले. मी कंटाळून "चल की आता" म्हणत तिचा पदर ओढत होते. तिला अजून थोडं बसू द्यायला हवं होतं. त्यानंतर आई पाटावर बसलेली मी कधी पाहिली नाही.

काही वर्षांनी तिच्या तेराव्याला तिच्या नावाचं पान वाढलं. आत्या म्हणाली, "तिचा पाट मांड गं."

चारी पाट भिंतीशी उभे होते. एक आप्पांचा, दोन भावांचे, एक माझा. मी माझा उचलला, पुसला आणि तिच्या पानापुढं मांडला. तो जरासुद्धा डगमगला नाही.