पित्तावरचे उपास

आमच्या घरात कुणाला दुःख होत नसे, पित्त होई. भीती वाटली तर गॅस, रडू आलं तर अशक्तपणा. सकाळी चहाबरोबर "पोट साफ झालं का?" हा प्रश्न घरभर फिरायचा. मला त्याची शिसारी यायची, अजून येते.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बाबा निवृत्त झाले आणि वसई पूर्वेला ब्लॉक घेऊन आम्ही राहायला आलो. नव्वदचं दशक संपत आलेलं, मी कॉलेजात होते. दादाचं लग्न झालं, वहिनीने वालीवला प्लास्टिकच्या झाकणांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. काही महिने बरे गेले आणि मग तिला रोज सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या.

घरात आनंदीआनंद! आईने शेजारणींच्या कानात सांगूनही टाकलं, चिंचा-आवळे आणले. पुढे वहिनी बाजूला बसली, तेव्हा तिने आम्हाला फसवल्यासारखे सगळे तिच्याकडे बघू लागले. मग पित्त ठरलं. कोकमाचं पाणी, मोरावळा, बेंबीवर हिंग, डॉक्टरचं गुलाबी औषध. बाबा जेवताना विचारायचे, "आज हिरवी पडली की पिवळी?" आणि भुरका मारून आमटी प्यायचे.

शुक्रवारी मात्र ती ओकत नसे. वालीवच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण शुक्रवारी वहिनीचा वैभवलक्ष्मीचा उपासही असे, आणि आईला तेवढाच दिसला. उपासाने पोटाला आराम पडतो म्हणे! झालं, सोमवार लावला, मंगळवार लावला, गुरुवार तर होताच. बाई सुकून काटकी झाली. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. दादा म्हणाला, "बरं झालं, बारीक झालीस." वर हसला.

एका शुक्रवारी मोठी ऑर्डर होती, म्हणून कारखाना चालू ठेवला. त्या सकाळी वहिनी बेसिनवर वाकली. पोटात काहीच नव्हतं, नुसतं कडू पाणी पडत होतं. मी तिची पाठ धरली. बरगड्या हाताला लागत होत्या.

"आज तर उपास आहे," आई दारातून म्हणाली. तिला खरंच कोडं पडलं होतं.

मी दार लावून घेतलं आणि वहिनीला विचारलं, कारखान्यात काय होतं.

"नवा सुपरवायझर आलाय, मालकाचा मेव्हणा," ती म्हणाली. "झाकणं मोजायच्या निमित्ताने मागे येऊन उभा राहतो. चिकटून. तोंडात गुटखा असतो, त्याचा वास मानेवर येतो. घरून निघायची वेळ झाली की आतून ढवळायलाच लागतं."

"दादाला सांगितलंस?"

"तो आला त्याच आठवड्यात. म्हणाले, दुर्लक्ष कर."

मी बाहेर जाऊन दादाला जे बोलले ते तो आजवर विसरलेला नाही. विसरूही नये. बाबांना काळजी कसली, तर आवाज खालच्या मजल्यावर जाईल याची. वहिनी त्या दिवशी कामावर गेली नाही, पुन्हा कधीच गेली नाही. थोड्याच दिवसांत ती भाकरी आणि सुकटीची चटणी मागून घेऊन खायला लागली. कोणाच्याही औषधाशिवाय.

आईने मात्र शुक्रवारांचं उद्यापन थाटात केलं. बिल्डिंगमधल्या सवाष्णी आल्या. "मुळासकट गेलं हो पित्त, देवीनेच केलं," आई प्रत्येकीला ओटी भरताना सांगत होती. दादा मान डोलवत खीर वाढत होता. त्याने वहिनीच्या वाटीत वाढली, मग माझ्या. एका बाईने वहिनीला विचारलं, "पित्तच होतं ना गं?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "पित्तच होतं."

खिरीचा घास माझ्या तोंडातच राहिला. मी धावत जाऊन बेसिन गाठलं आणि भडाभडा ओकले. मागून आईचा आवाज आला, "अगंबाई, हिलाही आता शुक्रवार धरायला लावते."